एक झाड कमी लावा

पाहुणे आले की सोलापूरकराची पंचाईत होते. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, भुईकोट किल्ला झाला, चादरी घेऊन झाल्या, शेंगा चटणीही पिशवीत पडली. मग पाहुणा विचारतो, "निसर्ग वगैरे काय आहे इथं?" यजमान घसा खाकरतो. "आपल्याकडं तसं काही नाही बघा. तुळजापूरच्या घाटात जाऊन येऊ का?" निसर्ग दाखवायला शेजारच्या जिल्ह्याचा घाट उसना घेणारं शहर आमचंच असावं.

काही नाही कसं? विजापूर रस्त्यावर सिद्धेश्वर वनविहार आहे. पण तिथं आम्ही निसर्गाच्या ओढीनं नव्हे, डॉक्टरच्या धाकानं जातो. रक्तातली साखर किती निघाली त्यावर फेऱ्या ठरतात. डोक्यावरून कोण उडालं, झुडपात कोण ओरडलं, याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. जवळच धर्मवीर संभाजी तलाव आहे, जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. हिवाळ्यात तिथं लांबलांबचे पक्षी उतरतात, जलपर्णीतून वाट काढत पोहतात आणि काठावरचा माणूस त्यांच्याकडं पाठ करून सेल्फी घेतो. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव आहे, इंग्रजांनी १८७१ मध्ये पुरा केलेला. त्याच्याबद्दल आमचा एकच प्रश्न: किती भरला?

आणि बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोक अभयारण्य. पाहुण्याला इथं आणलं की फजिती ठरलेली. तो गाडीतून उतरतो, चारी दिशांना मान फिरवतो आणि विचारतो, "जंगल कुठाय?"

त्याच्या बुटाखाली असतं. पण सांगणार कोण? यजमानालाही तोच प्रश्न पडलेला असतो. आमच्या लेखी जंगल म्हणजे सावली. दाट झाडी, मधून झरा, जमल्यास एखादा वाघ. गुडघाभर गवत आणि वर उघडं आभाळ, हे काय बघायला पैसे मोजायचे? मे महिन्यात तर माळ करपल्यासारखा दिसतो. पण दोन पाऊस पडू द्या, तेच गवत टँकर न मागता, ठिबक न मागता, उद्यान विभागाची निविदा न मागता उठून उभं राहतं. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं बागेत मात्र आम्हाला रोज पाणी पिणारी परदेशी हिरवळ लागते. फुकट वाढतं त्याला निसर्ग म्हणायला आमचं मन धजत नाही.

या माळाचा मानकरी माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढी वजनदार मंडळी जगात थोडी. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचं नाव पुढं केलं होतं, पण १९६३ मध्ये मोराची निवड झाली. ठीकच झालं. मोर पिसारा फुलवून नाचतो, हा आपला माळावर नुसताच उभा. नुसतं उभं राहून या देशात कोण निवडून आलंय?

नान्नजचे माळढोक लोकांच्या आणि सरकारच्या नजरेत आणून दिले ते बी. एस. कुलकर्णी यांनी, १९७०च्या दशकात. दुष्काळप्रवण भागासाठीच्या योजनेतून तेव्हा माळावर चराईबंदीचे प्लॉट झाले, गवत वाढलं आणि पक्ष्याला आसरा मिळाला. दुष्काळाची योजना पक्ष्याला लाभली. सुकाळाच्या योजना पुढं त्याच्या मुळावर आल्या.

१९७९ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके आत ओढले. सरकारचा हात सढळ असतो तो असा, दुसऱ्याच्या जमिनीवर. वनखात्याच्या ताब्यातला माळ त्यात थोडाच, बाकी शेतं, गावं, बाजारपेठा आणि एसटी स्टँड. जमीन विकायला अडचण, बांधकामाला अडचण. अभय कुणाला मिळालं ते राहू द्या, शेतकऱ्याला भय मात्र पक्कं मिळालं. ज्यानं जन्मात माळढोक पाहिला नाही, तोही त्याच्या नावानं बोटं मोडू लागला. तीसेक वर्षांनी सरकारला उपरती झाली आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षीही त्याच बेतानं आटोपत आला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी होते. तरी त्याचा दरारा बघा, बोरामणीचं विमानतळ अडलं तेव्हाही त्याचंच नाव पुढं आलं. जो स्वतः दिसत नाही तो एवढी कामं अडवतो, म्हणजे खात्यात बढती द्यायला हरकत नाही.

पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली. सोनाका, शरद सीडलेस या नावाजलेल्या जाती नान्नजच्याच मातीतल्या. त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण ज्वारी-भुईमुगाच्या कोरडवाहू रानात हा पक्षी टोळ, भुंगेरे वेचत निवांत हिंडायचा. द्राक्षाच्या मांडवात, लोखंडी तारांखाली, एवढ्या ऐसपैस गड्यानं करायचं काय?

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पोट आहे. दोष द्यायचा तर आमच्या वृक्षप्रेमाला. राज्यात २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठरलं. आता एवढी झाडं लावायची कुठं? बागायतदार बांधावर झाड ठेवत नाही, पिकावर सावली पडते. शहरात रस्ता रुंद करायचाय. मग राहतो कोण? बिनमालकाचा, बिनतक्रारीचा माळ. वनखात्यानं तर फार आधीपासून या माळांवर गिरिपुष्पासारखी पाहुणी झाडं आणून बसवली. रोप मेलं तर माळाचं नशीब, जगलं तर माळढोकाचं दुर्दैव. कारण हा पक्षी डोळ्यांवर जगतो, लांबवर मोकळं दिसलं तरच पाय टेकतो. झाड वाढलं की फांदीवर कावळा येतो, शिकारी पक्षी टेहळणीला बसतो आणि खाली जमिनीवर उघडं अंडं असतं. शिवाय सावलीखालचं गवत मागं हटतं ते वेगळंच.

पण हे बोलायची चोरी. "झाडं लावू नका" म्हणणारा माणूस म्हणजे पर्यावरणाचा शत्रू. रोप हातात धरून फोटो काढला की पुण्य पदरात पडतं. गवत हातात धरून फोटो काढला तर लोक विचारतील, "म्हैस घेतली का काय ओ?"

माळढोक दिसत नाही म्हणून माळ ओस पडला, असं समजू नका. लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहेत. काळविटाचा नर ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग घालून आपली हद्द आखतो. सातबारा नको, मोजणी नको, तलाठ्याकडं हेलपाटा नको. दुसरा नर आलाच तर शिंगाला शिंग लावून जागेवर निकाल, तारीख पे तारीख नाही.

सकाळी ऊन जरा वर आलं की पखुर्ड्यांचा थवा पाणवठ्यावर उतरतो. मातकट रंगाचा, कबुतराएवढा पक्षी. जमिनीवर बसला तर चार हातांवरून दिसत नाही. पिल्लांच्या दिवसांत नर पाण्यात पोट टेकून बसतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि तसाच उडत माळावर जातो. पिल्लं त्या ओल्या पिसांतून पाणी चोखतात. नळ आला की घरातली टोपं, बादल्या, कळश्या भरून ठेवणाऱ्या आम्हाला हा पक्षी सख्खा वाटायला हवा. पण आम्हाला त्याचं नावही ठाऊक नाही. तेवढ्या वेळात आमची गाडी वडाळ्याच्या पुढं जाऊन हुरड्याची पाटी शोधत असते.

हुरड्याला माझा विरोध नाही. ज्वारीचं कोवळं कणीस, शेंगा चटणी, दही. यात निसर्ग नाही असं म्हणणाऱ्याला सोलापुरात राहता येणार नाही. फक्त हुरड्याला निघालात की तासभर आधी निघा, वनखात्याची परवानगी काढा, गाडीतली गाणी बंद करा आणि पाहुण्याला सांगा, "इथं बघायला काही नाही असं वाटेल. जरा थांबा."

पुढारी, मंडळं, सामाजिक संस्था यांना मात्र वेगळी विनंती. वन महोत्सव जुलैत दरवर्षी येतो. यंदा नान्नजच्या दिशेनं एकही रोप, कुदळ किंवा बॅनर नेऊ नका. शून्य झाडं लावल्याचा फोटो काढा, बातमी छापून आणा आणि सत्कार ठेवा. हार माझ्याकडून.