राजकारण वगळून समाजसेवा

समाजकार्य शिकायला येणाऱ्यानं 'समाजाविषयी फार बोलणार नाही' असं आधी लिहून द्यावं, ही कल्पना आम्हांला बेहद्द आवडली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे 'टिस'नं, २०२४ साली प्रवेश घेणाऱ्यांपुढे एक आचारसंहिता ठेवली. राजकीय, व्यवस्थाविरोधी किंवा देशभक्तीला न शोभणाऱ्या चर्चा, निदर्शनं, धरणी यांत आपण भाग घेणार नाही, असं कबूल करायचं आणि खाली सही ठोकायची. त्याच वर्षी दिल्लीच्या मोर्चाला जाणं वगैरे गुन्ह्यांसाठी एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला दोन वर्षं निलंबित केलं होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा कमी केली. न्यायालयांना समाजकार्यातलं काय कळतं म्हणा!

'टिस'चं एक आवार आमच्या हैदराबादेतही आहे. तेव्हा अशी सही केलेला एखादा पोरगा फील्डवर्कसाठी काचीगुड्याला आला आहे, असं समजू. स्टेशन मागे टाकून तो चादरघाटाकडे उतरतो. तिथे मुसी नदीच्या काठची घरं आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारी माणसं आली आणि नदी सुशोभित करायची म्हणून पाडायच्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात 'आरबी-एक्स' अशी अक्षरं मारून गेली. दारातली बाई विचारते, "ये लाल लाल क्या लिखको गए बेटा?" पोराला घाम फुटतो. उत्तर दिलं तर चर्चा होणार, चर्चा झाली तर ती व्यवस्थेबद्दल होणार. तो घसा खाकरून म्हणतो, "अम्मा, जेवणाआधी हात धुता ना?" संध्याकाळी डायरीत नोंद पडते : स्वच्छतेविषयी जनजागृती केली, लाभार्थीचा प्रतिसाद थंड. सुपरवायझर खूश.

काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान ५३' नावाचं फर्मान होतं. परवानगीवाचून सभा भरवायची सोय नव्हती. मग आमचे वाडवडील वाचनालयं काढत, शाळा चालवत, व्याख्यानं ठेवत आणि 'छे, छे, राजकारण कुठलं' असं शपथेवर सांगत. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, तीही बिगरराजकीय म्हणूनच. खरं काय ते भरवणाऱ्यांना ठाऊक होतं आणि कोतवालालाही. त्या काळी समाजकार्याच्या उपरण्याखाली राजकारण झाकत. आता राजकारण झाकलेलं नाही याची झडती देऊन मगच समाजकार्याला लागायचं. एवढी प्रगती झाली.

इथवर वाचून आमचे पुरोगामी मित्र टाळ्या वाजवत असतील. जरा हात आवरा, सह्यांचा शौक तुमच्या गोटातही आहे. अमेरिकेतल्या मिझुरी स्टेट विद्यापीठात समाजकार्याच्या वर्गाला एक काम दिलं गेलं : समलिंगी जोडप्यांना मुलं सांभाळायला मिळावीत, असं पत्र आमदारांना लिहा आणि सही करा. एका मुलीनं धर्मश्रद्धेपायी नकार दिला, तर विभागानं तिची उलटतपासणी घेतली. २००६ साली ती कोर्टात गेली आणि विद्यापीठाला तडजोड करावी लागली. आपल्याकडे पत्राची गरज पडत नाही. नांदेडहून आलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला 'मला वाटतं' म्हणून हात वर करतो आणि दुसऱ्या सेमिस्टरला 'हेजेमनी' म्हणून खाली बसतो. आषाढीची वारी तो डायरीत 'सांस्कृतिक निरीक्षण' म्हणून दाखवतो. त्याचं मत बदललेलं नसतं, मार्कांची चाल तेवढी कळलेली असते.

मग राजकारण काढून टाकलेलं शुद्ध समाजकार्य मिळतं तरी कुठे? ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, सगळं कसं निरुपद्रवी. पण गिरणगावात रोज ऊठबस असल्यावर मजुराच्या पगाराचा आणि कामाच्या तासांचा विषय किती दिवस टाळणार? १९२० साली 'आयटक' ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांत हेच जोशी होते. त्यांना कुठल्या प्राध्यापकानं बिघडवलं नव्हतं. खुद्द 'टिस'सुद्धा १९३६ साली नागपाड्यात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत सुरू झाली. व्यवस्थेविषयीची शंका तिथे पुस्तकातून आणावी लागत नसे, ती दारात उभी असे.

आमचं म्हणणं सोपं आहे. मास्तरांना मतं असावीत, पोरांनाही असावीत, वर्गात कडाक्याचं भांडण व्हावं आणि मार्क मताला पडू नयेत. परीक्षा एवढीच घ्यावी : भिंतीवरच्या अक्षरांचा अर्थ काय, घराचे कागद कोणते लागतात, हरकतीचा अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा, हे त्या बाईला नीट सांगता आलं का? डाव्याला आणि उजव्याला तिथे उत्तर एकच लिहावं लागतं. आणि संस्थांना विद्यार्थ्यांची सही हवीच असेल, तर ती त्या अर्जावर, साक्षीदार म्हणून घ्यावी.