भाऊजींची पद्मिनी तापते कधी?

"सकाळी तुमच्या दारात वरचे भाऊजी वाटी घेऊन उभे होते, ते काय मागायला आले होते गं?" काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं. गिरगावातल्या आमच्या वाडीची आणि त्यांच्या वाडीची सामाईक भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. त्यामुळे इकडचं काही तिकडे लपत नाही.

"हळद. दोन मोठे चमचे."

"वहिनींकडची संपली?"

"वहिनींनी डबा लपवून ठेवला. भाऊजींना गाडीत घालायची होती."

"गाडीला हळद? लग्नबिग्न ठरलंय की काय तिचं?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. भाऊजींची बिस्किटी रंगाची पद्मिनी हल्ली तापते, पुढून थोडं थोडं पाणी गळतं, आणि रेडिएटरात हळद टाकली की गळती थांबते असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा आहे, खोटा नाही. हळदीचे कण बारीक भोकात जाऊन बसतात आणि थेंब थांबतो. पण कणांना भोक कुठलं आणि नळी कुठली हे थोडंच कळतं? ते चांगल्या नळ्यांतही जाऊन बसतात. आधी नुसती गळणारी गाडी मग आतून तुंबते. घाटात अडकलात तर घाला बापडे, घरी उभ्या गाडीत कशाला? मी नाही दिली.

"तुला गं काय कळतं गाडीतलं?" असं काकूंनी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत आहे. आमचे अण्णा लालबागचे, आयुष्यभर काळी-पिवळी चालवली. तीही पद्मिनीच. आमच्या घरी जेवताना बोलणं फॅन बेल्टचं आणि गॅस्केटचं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघायच्या, आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी म्हणायला लागले. अण्णा मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. ते बघायला अण्णा नव्हते, बरंच झालं. आता वाडीत उरलीय ती भाऊजींची एक. खासगी असल्यामुळे दर पाच वर्षांनी पासिंग करून, हरित कर भरून ते तिला सांभाळतात.

"मग आता नवा रेडिएटर घालणार म्हणे," काकूंकडे पुढची बातमी तयारच होती. "मेकॅनिकनं सांगितलंय. आणि कसला तो वॉल्व्हही काढून टाकणार."

ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली. तापलेली गाडी बघून पहिल्या झटक्यात रेडिएटर बदला म्हणणारे मेकॅनिक मला आवडत नाहीत. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आणि तो इंजिनाला नाही, मालकाला: तापते कधी? मी भाऊजींना तेच विचारलं. म्हणाले, एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून दादरच्या टिळक पुलावर गर्दी इतकी की काटा लालमध्ये जातो. लालबागलाही तेच. "आणि कोस्टल रोडला?" तर म्हणे तिथे काटा खाली येतो, बोगद्यातसुद्धा काही नाही.

"म्हणजे काय समजायचं?" काकूंनी शेवग्याच्या शेंगा बाजूला ठेवल्या.

अहो, सोपं आहे. गाडी धावत असली की समोरून वारा येतो, रेडिएटर आपोआप निवतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. वाहत्या रस्त्यावर गार आणि गर्दीत गरम, म्हणजे वाऱ्यात खोट आहे, पाण्यात नाही. उलट असतं, म्हणजे गर्दीत ठीक आणि घाटात किंवा वेगात काटा चढता, तर मी म्हटलं असतं रेडिएटर तुंबलाय नाहीतर पाणी नीट फिरत नाही. सकाळी चालू केल्या केल्या दहा मिनिटांत उकळली असती, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. आणि खाली थेंब न पडता पाणी रोज कमी होत असेल, रेडिएटरात बुडबुडे येत असतील, ऑइल पांढुरकं फेसाळ झालं असेल, तर देवाचं नाव घ्या. हेड गॅस्केट गेलं. या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. जास्त तापलं की हेड वाकतं, मग खोलून फेसिंग करून आणावं लागतं.

पद्मिनीचा पंखा विजेवर नाही, इंजिनच पट्ट्यानं त्याला फिरवतं. त्याच दांड्यावर पाण्याचा पंप, मेकॅनिक लोक ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो. डायनामोही त्याच पट्ट्यावर. पट्टा घसरला की पंखा मंद, पाणी मंद, आणि बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागतो.

"सकाळी सातला ती गाडी चालू होते तेव्हा जे चिरकतं ते..."

"तोच पट्टा, काकू."

"अगंबाई! आणि आम्ही इतके दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या तंबोऱ्याला नावं ठेवतोय!"

मी खाली जाऊन बघितलं. बॉनेट उघडायला भाऊजी कुरकुरले, पण उघडलं. पट्टा आतून चकचकीत झालेला, अंगठ्यानं दाबला तर दीड-दोन इंच आत जाई. अर्धा इंच जायला हवा. रेडिएटरच्या जाळीत कबुतराची पिसं, वाळलेली पानं आणि चौपाटीची वाळू. मागून पुढे पाण्याचा फवारा मारला तर निम्मी घाण निघाली.

मग झाकण. काकूंना हे पटकन कळलं, कारण कुकर त्यांनी जन्मभर लावलाय. रेडिएटरच्या झाकणातही स्प्रिंग आणि रबराची चकती असते, ती आत दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. बाहेरच्या हवेपेक्षा निम्म्यानं जास्त दाब धरला तर शंभराऐवजी साधारण १११ अंशांना. रबर वाळलं की दाब धरत नाही, पाणी आधीच उकळून झाकणाखालून ओघळतं. भाऊजींची ती गळती म्हणजे हेच होतं, रेडिएटर फुटलेला नव्हताच. खंडाळ्याला तर उंचीमुळे पाणी खुल्या हवेत ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून जुन्या गाड्या घाटात रांगेनं बॉनेट उघडून उभ्या असायच्या. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही हेही तिथलंच शिक्षण. अण्णांच्या उजव्या हातावर भाजल्याचा डाग होता तो त्याचाच. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

"आणि वॉल्व्ह?"

तो थर्मोस्टॅट. काढून टाकला की गाडी तापत नाही असा इथल्या अर्ध्या गॅरेजांचा समज आहे. मुंबईत थंडी नाही हे खरं, पण थर्मोस्टॅट नसेल तर इंजिनाला गरम व्हायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो. आणि गर्दीत उभ्या गाडीला तो काढण्याचा उपयोग काय, वारा नाहीच तर पाणी कितीही फिरलं तरी गरमच. तपासायचा असेल तर दोऱ्याला बांधून गरम पाण्यात सोडायचा. ऐंशीच्या पुढे पाणी गेलं की तो उघडायला लागतो. भाऊजींनी तो चहाच्या पातेल्यात तपासला. चालतोय तो. पातेलं मात्र वहिनींनी गॅलरीत काढून ठेवलंय, आत घेत नाहीत.

"आणि पाणी कुठलं घालतात माहितीये?" मी आवाज खाली आणला. "तुमच्या वाडीतल्या विहिरीचं."

"आमच्या विहिरीला नावं ठेवू नकोस हां. सत्यनारायणाला चालतं ते."

चालू दे. पण समुद्राजवळची विहीर, पाणी खारट, त्यातला क्षार नळ्यांत बसतो. नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाचं, ते मऊ. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट असेल तर उत्तमच, बिडाच्या ब्लॉकला गंज लागत नाही. फक्त सांडलं तर लगेच धुवायचं. हिरवा कूलंट गोडसर असतो, मांजरं चाटतात, आणि तो विष आहे. काकूंनी ताबडतोब आपल्या मनीला हाक मारली.

शेवटी लागलं काय, तर पट्टा आणि झाकण. भाऊजींनी दोन्ही ऑपेरा हाउसजवळच्या मोटारपार्टच्या दुकानांत फिरून आणले. उद्या कधी रेडिएटर खरंच तुंबला तरी तो तांब्या-पितळेचा आहे. वरची टाकी सोडवून नळ्यांतून सळ्या घालून साफ करायच्या आणि पुन्हा डाख द्यायचा. रॉडिंग म्हणतात. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या टाकीवाल्यांत ती सोय नाही.

"पण परवा रॉक्सीपाशी बंद पडलीच की," काकू म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

पडली, पण तेव्हा काटा मध्येच होता. ते दुखणं वेगळं. उन्हात गाडीच्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पुढे जातच नाही. फियाटवाले त्या पंपावर ओलं फडकं टाकून ठेवायचे, पाच मिनिटांत गाडी चालू.

"मग आता पुण्याला नेणार म्हणे तिला. जुन्या घाटानं. शिंगरोबाला नारळ फोडणार आहेत."

"नेऊ देत. झाकण चांगलं आहे, पट्टा ताणलाय."

"आणि वहिनी?"

"वहिनींनी डेक्कन क्वीनचं तिकीट काढलंय."