घरच्या घरी लेथ : अगदी नवख्यांसाठी

आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे, आसनगावच्या घरामागची पडवी रिकामी आहे आणि रात्र रात्र जागून परदेशातल्या मिस्त्रींचे व्हिडिओ पाहून झालेत. म्हणजे तयारी पूर्ण.

पायरी पहिली : बंदुकीचा नाद सोडा. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावाचा होता, तुमच्या नव्हे. तेव्हा आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 5 बंदूक बनवणंच नव्हे, दुरुस्त करणंही परवान्याशिवाय चालू देत नाही. नळी आखूड करायची म्हटलं तर कलम 6 आडवं येतं. बिनपरवाना बनवलीत तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. 7 वर्षांत आयटीआयचा टर्नरचा 2 वर्षांचा कोर्स तीनदा होतो, वर एक वर्ष उरतं.

लेथची खाज मात्र जाणार नाही. मग जुना साडेचार फुटी बघा. विकणारा 'कंडिशन टकाटक' म्हणेल. मान डोलवा आणि चकजवळ बेडवरून बोट फिरवा. झीज तिथेच लागते, कारण आधीच्या सगळ्या कारागिरांनी जन्मभर तिथेच काम केलेलं असतं. टेम्पो मृगाच्या आधी बोलवा. आमच्याकडच्या चिखलात रुतला तर दसऱ्यालाच निघेल. मोटर थ्री फेजची असणार, म्हणजे नवं मीटर किंवा व्हीएफडी. लाइट गेली की चहा. कूलंटमध्ये पाणी बेतानं घाला : भातसा धरण शहापूर तालुक्यात असलं तरी पाणी मुंबईचं, मे महिन्यात घरून हंड्याचा हिशेब विचारला जाईल.

लेव्हल सुताराची नको, मशीनची आणा. पाया एका कोपऱ्यात केसभर खचला तरी बेडला पीळ बसतो आणि सरळ शाफ्ट निमुळता निघतो. 'डिझाइनच तसं आहे,' असं सांगायला शिका.

आता थट्टा बाजूला. चकची चावी एक तर हातात, नाही तर ट्रेमध्ये. चकात राहिली आणि बटण दाबलं, तर ती भिंत शोधते किंवा तुमचं कपाळ. हातमोजे, लोंबत्या बाह्या, मनगटातला गंडा, सगळं उतरवा. देव समजून घेईल, चक घेणार नाही. चष्मा हवाच. टूलवरून निळी पडलेली लोखंडाची गुंडाळी सुटते, ती दिसते देखणी, पण हातानं ओढलीत तर बोट चिरते. आकड्यानं काढा.

पहिला जॉब 25 मिलीमीटरचा धराल, 24.6 वर थांबाल. भंगारवाला त्याचेही पैसे देतो.

लावणीच्या दिवसांत शेजारचे काका पंपाचा झिजलेला बुश घेऊन रात्री साडेदहाला दारात उभे राहतील. गनमेटलचा तुकडा धरा, फेसिंग करा, मग ड्रिल, मग बोअरिंग, शेवटचा कट अगदी हलका. मजुरीचं विचारलंत तर काका म्हणतील, "अरे, भात झोडल्यावर बघू ना."