कोंबडी म्हणजे नेमकी कोण?

१९६० साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे एक गहन प्रश्न येऊन ठाकला: चिकन म्हणजे काय? न्यायमूर्ती हार्वर्डमध्ये शिकलेले, तल्लख बुद्धीबद्दल नावाजलेले. त्यांनी निकालपत्राची सुरुवातच या प्रश्नाने केली.

भानगड अशी होती. १९५७ मध्ये एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडे गोठवलेल्या चिकनची मोठी मागणी नोंदवली. माल समुद्र ओलांडून पोचला, खोकी उघडली, तर मोठ्या आकाराच्या पक्ष्यांमध्ये निघाल्या जून कोंबड्या! तासन्‌तास शिजवाव्या अशा. स्विस मंडळींना हव्या होत्या भाजता-तळता येतील अशा कोवळ्या. त्यातली गंमत म्हणजे सौद्याच्या तारा बहुतेक जर्मन भाषेत होत्या, पण ‘चिकन’ हा शब्द मुद्दाम इंग्रजी ठेवला होता. जर्मन ‘हून’मध्ये कोवळी आणि जून दोन्ही येतात, इंग्रजीत तसा घोळ होणार नाही, हा त्यांचा हिशेब!

मग साक्षी झाल्या. एकाने सांगितलं, हंस, बदक आणि टर्की सोडून जे उरतं ते सगळं चिकन. खरेदीदाराच्या बाजूच्या साक्षीदाराने ठासून सांगितलं की चिकन म्हणजे कोवळंच, म्हणजे ब्रॉयलर. पण हा गृहस्थ स्वतःच्या सौद्यात मात्र न चुकता ‘ब्रॉयलर’ असंच लिहून घेत होता, हेही उघड झालं. सरकारी नियम धुंडाळले गेले, शब्दकोश उघडले गेले. शेवटी न्यायमूर्तींनी भावाकडेही बोट दाखवलं. मोठ्या पक्ष्याचा ठरलेला भाव पौंडाला ३३ सेंट, आणि त्या वजनाच्या कोवळ्या मालाचा बाजारभाव ३५ ते ३७. तोट्यात धंदा कोण करील? स्विस कंपनीचा दावा फेटाळला गेला.

महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला हा खटला चालवण्याची गरजच पडली नसती. “गावरान की बॉयलर?” एवढ्या एका प्रश्नात दुकानदार निकाल लावतो. वास्तविक ‘ब्रॉयलर’ म्हणजे आचेवर भाजण्याजोगी. तिचा ‘र’ काढून आपण तिला उकळत्या बंबाच्या नात्यात नेऊन बसवलं. तरी हातात पिशवी येते तेव्हा आत नेमकी तीच असते.

कोंबडीवरून बंदुकीकडे वळलं तरी तऱ्हा तीच. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक ‘यूज’ केली तर अमेरिकेत शिक्षा वाढते. एकाने बंदूक देऊन बदल्यात कोकेन घ्यायचा बेत केला. हा ‘यूज’ झाला का? १९९३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, झाला. न्यायमूर्ती स्कालिया यांचं डोकं तडकलं. तुम्ही काठी वापरता का, असं कोणी विचारलं तर तो आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात मांडली आहे का, हे विचारत नसतो, असं त्यांनी विरोधी निकालपत्रात सुनावलं. पुढे २००७ मध्ये उलटा सौदा समोर आला: अमली पदार्थ देऊन बंदूक घेतलेली. याने काही ‘यूज’ केला नाही, असं त्याच न्यायालयाने ठरवलं. म्हणजे बंदूक देणारा ती वापरतो, घेणारा वापरत नाही. मधे १९९८ मध्ये ‘कॅरी’वरून वाद झाला: बंदूक मोटारीच्या डिकीत असेल तर ती ‘जवळ बाळगली’ म्हणायची का? बहुमताच्या बाजूने शब्दकोश, बायबल, ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि ‘मोबी डिक’ हजर झाले. विरोधात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी टीव्ही मालिकेतला संवाद काढला. निकाल पाच विरुद्ध चार. इंग्रजीत गाडी अडली की आपलंच इंग्रजी कच्चं, असं मानून मान खाली घालणाऱ्या मराठी माणसाने ही निकालपत्रं जरूर वाचावीत.

दुसऱ्या महायुद्धातही शब्दांचा हा घोळ चुकला नाही. वॉशिंग्टनच्या बैठकीत ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता. तो ‘टेबल’ करू, असं ते म्हणाले. अमेरिकनांच्या लेखी ‘टेबल’ करणं म्हणजे बासनात गुंडाळणं. खूप वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांना हवं होतं ते एकच. चर्चिलनी स्वतः हे लिहून ठेवलंय. आपली विधानसभा या बाबतीत ब्रिटिशांच्या पंगतीतली. इथे कागद पटलावर ठेवतात. तिथून तो पुढे बासनात जातो का, हा वेगळा विषय.

आणि ‘लेट’? हा तर घराघरातल्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते की धारकाला ‘लेट’ किंवा अडथळ्याविना जाऊ द्यावं. ‘लेट’ म्हणजे जाऊ देणं, मग ‘लेट’विना जाऊ द्यायचं कसं? जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक मुभा देण्याचं, दुसरं अडवण्याचं. कालांतराने दोघांचा उच्चार एक झाला. अडवणारं आता फक्त टेनिसच्या जाळीपाशी आणि अशा सरकारी मजकुरात उरलंय. परदेशी विमानतळावरचा अधिकारी मात्र हे पान वाचायच्या फंदात पडत नाही. तो थेट व्हिसा शोधतो.