आणखी काय रेशनकार्ड पाहिजे?

वहिनी, कढीपत्त्याची फांदी तुमच्या बाजूला आलीये ना, ती तुमचीच समजा. हवा तेवढा तोडा. आणि उभ्याच आहात तर ऐका. काल तुमचे मिस्टर विचारत होते, कॉलेजला नाव गोन्सालो गार्सिया, गासच्या चर्चला नाव गोन्सालो गार्सिया, हा होता तरी कोण? मोठा फादर होता का?

फादर कसला! शेवटपर्यंत साधा ब्रदर. आपल्या वसईचा, 1557च्या आगेमागे जन्मलेला. बाप पोर्तुगीज, आई इथली. त्यावरून आमच्या घरात दरवर्षी भांडण. आमचे हे म्हणतात, वंश बापाचा, मग पहिला भारतीय संत कसा? मी म्हणते, आई वसईची, जन्म वसईचा, आणखी काय रेशनकार्ड पाहिजे?

पंधरा-सोळाचा असेल, येशूसंघीय फादरांबरोबर जहाजात बसला आणि 1572 साली जपानला पोचला. भाषा अशी उचलली की फादर त्याच्याच तोंडून धर्मशिक्षण द्यायचे. काम घेतलं वर्षानुवर्षं, पण संघात काही घेईनात! रागावला असेल की नाही, तुम्हीच सांगा. मग व्यापारात पडला, चार पैसे गाठीला बांधले, आणि एक दिवस मनिलाला जाऊन सगळं सोडून फ्रान्सिस्कनांचा झगा घातला. 1593ला पुन्हा जपान, पेद्रो बाप्तिस्ता फादरांचा दुभाषा म्हणून. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे बोलायचं, तर जीभ कोणाची? आपल्या वसईकराची.

1596ला सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत तिकडच्या किनाऱ्याला लागून फुटलं. माल जप्त झाला, तंटा वाढला. खलाशी काहीतरी फुशारकी मारून बसले म्हणतात, की आमचे पाद्री आधी येतात, मागून फौज येते. झालं! हिदेयोशी बिथरला आणि पकडले कोण, तर हे झगेवाले आणि त्यांच्या मठातली माणसं. चोवीस जण. क्योतोत डाव्या कानाची पाळी कापली, गावातून धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं, जवळजवळ महिनाभर. वाटेत दोघं त्यांची सेवा करायला सोबत लागले होते, त्यांनाही त्यातच ढकललं. झाले सव्वीस.

आता खरं सांगू? गोन्सालोचा मला अभिमान आहे, पण माझा जीव अडकतो लुईस इबाराकीत. बारा वर्षांचं पोर! मठात फादरांच्या हाताखाली वेदीसेवक. अधिकाऱ्याने सांगितलं, धर्म सोड, तुला सोडतो. नाही म्हणाला. 5 फेब्रुवारी 1597ला निशिझाका टेकडीवर पोचले, तर याने विचारलं, माझा क्रूस कुठला? दाखवला तसा धावत जाऊन बिलगला म्हणे. खिळे नव्हते हो तिथे. दोऱ्या आणि लोखंडी कड्यांनी बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी भाले. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी बापाबरोबर होता. त्याने वाटेत आईला चिठ्ठी लिहिली, धाकट्या भावांना सांभाळ म्हणून. ती पुढे बापाच्या कपड्यांत सापडली. हे सांगताना मला अजून आवंढा येतो.

रोमला त्यांना संत ठरवायला 1862 उजाडलं. पुढे शंभर वर्षांनी त्याच टेकडीवर सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे उभे केले, एका रांगेत. त्यात मुलं तेवढी बुटकी दिसतात.

कुकरची शिट्टी तुमची की माझी? तुमचीच. जा, पण रविवारी दुपारी मोकळ्या राहा. किल्ल्यात येशूसंघीयांच्या जुन्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे, दाखवते. धाकट्यालाही आणा. सातवीत ना तो? लुईस तेवढाच होता.