गरिबाची ऐश

"पगार किती?"

कैरोच्या नाईलपलीकडच्या दोक्की भागात भाड्याच्या खोलीत सामान टाकलं, त्याच संध्याकाळी इमारतीच्या बव्वाबने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बव्वाब म्हणजे दरवान. पण दरवान म्हटलं तर त्यात त्याचं निम्मंही काम मावत नाही. पायघोळ गलाबिया घालून दाराशी बाकावर बसायचं, कुणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं आणि जाताना तोंड कसं होतं, याची पक्की नोंद ठेवायची. एका माणसात चाळीतले भाडेकरू, घरमालक आणि पोस्टमन असे तिघे नांदत होते.

"पगार नाही," मी पाठ करून आणलेल्या अरबीत म्हणालो. "फुकट शिकवतो."

"विमानाचं तिकीट त्यांनी काढलं?"

"नाही, मीच."

तो क्षणभर गप्प राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मालेश."

मालेश म्हणजे असू दे, चालायचंच. इजिप्तमधलं हे घरगुती मलम. कप फुटला, मालेश. बस चुकली, मालेश. कुणी तुमच्या पायावर पाय दिला, तर कळवळायच्या आत तोच तुम्हाला म्हणणार, मालेश! मी साताऱ्याच्या हायस्कुलातून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. सहा महिने निर्वासितांना इंग्रजी शिकवायला निघालो तेव्हा आळीत शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला होता. बव्वाबच्या हिशेबात मात्र साठीच्या घरातल्या माणसाला गावात काम मिळेना, म्हणून तो इथवर आला आणि इथेही फसवला गेला, एवढाच मामला होता. रात्री जिन्यावरून जाताना तो बायकोला माझ्याबद्दल सांगत असलेले दोनच शब्द कळले: "रागेल गरीब." रागेल म्हणजे पुरुष, हे मी शिकलो होतो. गरीब शिकायची गरजच नव्हती. सत्काराची शाल त्या रात्री मी उशाखाली खोल सारली.

सेवा करायला परदेशी गेलेल्या माणसाचा पहिला महिना सेवा करून घेण्यात जातो, ही गोष्ट सत्काराच्या भाषणांत कुणी सांगत नाही. तहरीर रस्त्याच्या कडेला मी पहिल्या दिवशी वीस मिनिटं उभा होतो. वाहनांना खंड म्हणून नाही. शेवटी दप्तर पाठीला लावलेल्या एका पोराने माझं बोट धरलं आणि गाड्यांकडे न बघता, गप्पा मारत पलीकडे नेलं. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना रस्ता ओलांडून दिला, त्याची परतफेड एका फेरीत झाली.

मग आकडे. इजिप्तमधल्या पाट्यांवर आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे फारसे नसतात. तिथले अरबी आकडे वेगळे, आणि त्यांना म्हणतात 'हिंदी' आकडे, कारण ते आपल्याकडूनच तिकडे गेले. मला वाटलं, माहेरच्या माणसाला ओळख देतील. पण सासरी चांगल्या रुळलेल्या मुलींनी द्यावी, तेवढीच त्यांनी दिली. त्यांचा पाच म्हणजे एक छोटासा गोल, हुबेहूब आपलं शून्य; आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. टोमॅटोच्या ढिगावर खोचलेल्या पुठ्ठ्यावर काठी आणि गोल दिसला. मी दहा वाचले, दहा गिनेह, म्हणजे तिथले पौंड, पुढे केले. भाजीवाला पंधरा म्हणत होता. ज्या देशाने जगाला शून्य दिलं म्हणून आम्ही वर्गात छाती फुगवतो, त्या देशाचा प्रतिनिधी शून्यावरूनच भाजीवाल्याशी हुज्जत घालत होता.

त्याच बाजारात पुढे आणखी शोभा झाली. एक बाई भाजीवाल्यावर कडाडली, "इंता फाकिरनी हिंदी?" माझ्या कानांनी 'हिंदी' तेवढा टिपला. कुणी हिंदी माणसाची चौकशी करतंय असं वाटून मी हात वर केला आणि आदबीने म्हणालो, "अना हिंदी." आधी शांतता, मग सगळी ओळ हसत सुटली. "मला काय हिंदी समजलास?" याचा तिथला अर्थ "मला काय खुळी समजलास?" असा आहे, हे मला रात्री कळलं. भाजीवाल्याने मात्र जाताना मूठभर कोथिंबीर फुकट टाकली आणि "अमिताभ बच्चन!" म्हणून सलाम ठोकला. हिंदी माणसाला खुळा ठरवणाऱ्या गावात अमिताभचे चाहतेही तेवढेच, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटला. उरला एकच सल. तिथे वयस्क माणसाला, तो हजला गेलेला असो वा नसो, आदराने 'या हग्ग' म्हणतात. ही हाक मराठी कानाला कशी लागते, हे सांगणं शिक्षकी पेशाला शोभणार नाही.

शिकवायला मी अर्द अल-लिवा या वस्तीत जायचो. गल्ल्या इतक्या अरुंद की शेवटचा टप्पा टुकटुकचाच. टुकटुक म्हणजे आपली रिक्षा, आणि आपली म्हणजे अगदी आपली; पुढे बजाज लिहिलेलं. मी भारावून चालवणाऱ्या पोराला सांगितलं, ही माझ्या गावाकडची! त्याने मागे वळून विचारलं, "मग भाडं जास्त देणार का?"

वर्गात बहुतेक बायका सुदानी होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा घरं टाकून निघालेल्या. एकदा धड्यात 'स्ट्रेंजर' शब्द आला. मी हातवारे केले: ज्याला कुणी ओळखत नाही, ज्याची भाषा कळत नाही, ज्याला रस्ते सापडत नाहीत. खार्तूममध्ये औषधांचं दुकान चालवलेली एक बाई पटकन म्हणाली, "गरीब!"

"नाही, नाही," मी खिसा उलटा करून दाखवला, "गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत."

"तो फकीर," ती, ढ मुलाला समजवावं तशा मायेने म्हणाली. "गरीब म्हणजे परका. आणि कधी कधी," जरा थांबून, "विचित्र माणूस." मग वर्गावरून नजर फिरवत, "आम्ही इथे सगळ्या गरीब. उस्ताज, तुम्हीसुद्धा." सगळ्या हसल्या.

त्या दिवशी परतताना रिक्षात मी शब्द उलटेपालटे करत राहिलो. दुकान, हिशेब, तारीख, खलास, सगळे तिथे जसेच्या तसे भेटत होते. तक्रार म्हणजे अरबीत पुनरावृत्ती; आमच्या सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही हा अर्थ मुळीच परका वाटणार नाही. पण अरबीतला परका फारशीच्या वाटेने मराठीत पोचेपर्यंत निर्धन कधी झाला? वाटेत कुणीतरी परक्यांना दारोदार उभं राहिलेलं पाहिलं असणार. ज्याचं जवळ कुणी नाही, त्याच्याकडे आहे तरी काय, असं म्हटलं असणार.

ऐशचंही तसंच. अरबीत ऐश म्हणजे जगणं. आपण ते उचललं आणि चैनीला दिलं. इजिप्तने भाकरीला दिलं. तिथे ऐश म्हणजे कोंड्यासकट गव्हाची, फुगलेली, गोल भाकरी. फूल म्हणजे बाकळ्याची उसळ, तीही या ऐशनेच उचलून खायची. लाकडी कामट्यांच्या लांबरुंद फळीवर शेकडो ऐश मांडून, फळी डोक्यावर एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने सायकल हाकणारी पोरं बघितली की आपलाच श्वास अडकतो. जानेवारी १९७७ मध्ये तिथल्या सरकारने अन्नधान्यावरची सवलत काढली, तर लोक असे रस्त्यावर उतरले की दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. आमच्या दोक्कीपासून मेट्रोने दोन स्टेशनांवर असलेल्या तहरीर चौकात २०११ च्या क्रांतीत जी घोषणा घुमली, तिच्यात स्वातंत्र्याचा नंबर दुसरा होता. पहिला शब्द ऐश.

ही ऐश दर शुक्रवारी सकाळी माझ्या दाराच्या कडीला पिशवीत लटकलेली असायची. पाच भाकऱ्या, अजून ऊन. बव्वाब आणून अडकवायचा, पैसे घ्यायचा नाही. मला वाटायचं, बिनपगारी माणसावरची दया. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी ठरवलं, गैरसमज घेऊन जायचं नाही. त्याच्याशेजारी बाकावर बसून सगळं सांगितलं: गावाकडे घर आहे, दरमहा पेन्शन येतं, मी हौसेने आलोय, मला ददात नाही.

त्याने शांतपणे चहात चौथा चमचा साखर घातली. ढवळली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पैशांचा काय संबंध? इंता गरीब."

तोवर मला त्या शब्दाचे तीन अर्थ ठाऊक झाले होते. यातला कोणता, हे मी विचारलं नाही; तिन्ही बसत होते. शुक्रवारी दार उघडलं तर कडीला पिशवी होतीच. या वेळी भाकऱ्या आठ होत्या, वाटेत विमानात खायला.