बगदादचा पुनर्विकास

परक्याचा देश ताब्यात घ्यायचा तर दोन गोष्टी लागतात, फौज आणि भाषण. फौज आत घुसते आणि आम्ही घुसलेलोच नाही, हे भाषण पटवून देतं. यातलं भाषण फार टिकाऊ असतं. ब्रिटिशांच्या जनरल मॉड यांनी मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं आणि आठवडाभराने जाहीरनामा काढला की, आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत. ८६ वर्षांनी अमेरिकनांनी तोच मजकूर धूळ झटकून वापरला. इराकी माणूस एकाच मजकुराने दोनदा मुक्त झाला, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

पहिल्या मुक्तीत आपलाही हातभार होता बरं. तिकडे आधी गेलेल्या फौजेचं नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ही डिव्हिजन कूत गावी वेढ्यात सापडली, उपाशी पडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेली. शेवटी तिथे घोडे मारून खायची वेळ आली होती, आणि धर्म आड येतो म्हणून हिंदुस्थानी शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडात घातलं नाही. कुणाच्या साम्राज्यासाठी कुणी उपाशी राहायचं, याची चर्चा त्या काळी होत नसे. मागाहून इराकमध्ये चलन म्हणून चालला तोही आपलाच रुपया, थेट १९३२ साली दिनार येईपर्यंत. परदेशात रुपयाची केवढी ही पत! तेव्हा त्याच्यासोबत पलटण पाठवावी लागली होती, ही गोष्ट वेगळी.

आता दुसरी मुक्ती. ९ एप्रिल २००३ रोजी बगदाद पडलं आणि लुटालूट सुरू झाली. तेल मंत्रालयावर अमेरिकी पहारा बसला. राष्ट्रीय संग्रहालय मात्र रामभरोसे. तिथून सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पत्रकारांना म्हणाले की, टीव्हीवाले एकाच माणसाला एकच फुलदाणी घेऊन पळताना पुन्हा पुन्हा दाखवताहेत, अख्ख्या देशात एवढ्या फुलदाण्या असतील तरी का! खोलीत हशा पिकला. त्या लुटीत गेलेला वार्काचा दगडी कलश सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा होता. जून महिन्यात तीन माणसांनी तो मोटारीतून परत आणून दिला, तुकड्यातुकड्यांत. म्हणजे फुलदाण्यांचा आकडा वाढलाच म्हणायचा.

मे महिन्यात इराकचा कारभार हाकायला अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला आले. अंगात सूट, गळ्यात टाय आणि पायात फौजी थाटाचे बूट. वरचा अर्धा भाग वॉशिंग्टनसाठी, खालचा इराकसाठी. आल्या आल्या त्यांनी आदेश क्रमांक एक काढून सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्यांतल्या माणसांना सरकारी नोकरीतून घालवलं. सद्दामच्या राज्यात बढती हवी तर पक्षाचं कार्ड लागे, त्यामुळे शाळामास्तर आणि इंजिनियरही घरी बसले. आठवड्याभराने आदेश क्रमांक दोन काढून सगळं सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं घरी गेली. हातात बंदूक, पगार बंद. पुढे बंड उसळलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये फार आश्चर्य व्यक्त झालं म्हणे.

मुंबई-पुण्यात ज्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत, त्यांना हा मामला चटकन कळेल. फरक एवढाच की आपला बिल्डर आधी सह्या घेतो, मग इमारत पाडतो. बगदादेत आधी इमारत पाडली, मग सभासद कोण ते ठरवलं आणि चेअरमनच्या खुर्चीत बिल्डर जाऊन बसला. खर्च? तोही सभासदांच्याच खात्यातून. त्याकडे येतोच.

ब्रेमर यांनी चौदा महिन्यांत एकूण शंभर आदेश काढले. व्यापलेल्या देशातले कायदे अगदीच निरुपाय झाल्याशिवाय बदलू नयेत, असं १९०७ चे हेगचे नियम सांगतात. पण नियम जुने होते आणि साहेब नवे. आदेश क्रमांक ३९ ने तेल वगैरे सोडून इराकी धंदे परदेशी कंपन्यांना शंभर टक्के खुले झाले, नफा बाहेर न्यायलाही आडकाठी नाही. पण माझा लाडका आदेश आहे क्रमांक ८६, वाहतुकीचा. अमेरिकेच्या मेरीलँड राज्याचा वाहतूक कायदा समोर ठेवून तो तयार झाला. चालकाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं, असं त्यात आहे. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने फिकट किंवा चमकणारे कपडे घालावेत, असंही आहे. आता २००४ चं बगदाद डोळ्यांसमोर आणा. वीज दिवसातले कित्येक तास गायब, सिग्नल बंद, चौकाचौकात बॉम्ब आणि संध्याकाळनंतर कुठून गोळी येईल याचा नेम नाही. अशा रात्री बाहेर पडणाऱ्याला सरकार सांगतंय की बाबा रे, लांबूनही नीट दिसशील असे कपडे घाल! नेमबाजांची याहून मोठी सोय कुणी केली असेल असं वाटत नाही.

हे कायदे लिहिणारी मंडळी राहत होती ग्रीन झोनमध्ये, सद्दामच्या प्रजासत्ताक महालात. भोवती काँक्रीटच्या भिंती, आत वातानुकूलन. कॅन्टीन चालवायचं कंत्राट हॅलिबर्टनकडे. उपराष्ट्राध्यक्ष चेनी सरकारात येण्याआधी याच कंपनीचे प्रमुख होते. योगायोग हो, दुसरं काय. मुसलमान देशाच्या राजवाड्यात सकाळी न्याहारीला डुकराचं मांस मिळे आणि वाढायला एकही इराकी नसे, कारण विषाची भीती. आचारी आणि वाढपी आणले भारत-पाकिस्तानातून. इथे एक गंमत ध्यानात घ्या. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने अमेरिकेला कळवलं की आम्ही इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही. शहाणपणाचा निर्णय होता, श्रेय द्यायलाच हवं. पण दिल्लीने सैन्य नाकारलं तरी आपली माणसं कंत्राटदारांच्या मार्फत पोटासाठी पोहोचलीच. १९१६ साली रिकाम्या पोटी बंदूक घेऊन उभी होती, या खेपेला पळी घेऊन.

आता खात्याकडे. युद्ध सुरू असतानाच उपसंरक्षणमंत्री वुल्फोवित्झ यांनी सांगितलं होतं की इराक आपल्या पुनर्बांधणीचा खर्च लवकरच स्वतः उचलेल. अमेरिकी मदत संस्थेचे प्रमुख नॅटसिओस तर टीव्हीवर येऊन म्हणाले, अमेरिकी करदात्याला १.७ अब्ज डॉलर पडतील, बस्स. प्रत्यक्षात अमेरिकेने सुमारे ६० अब्ज खर्चले आणि त्यातले निदान ८ अब्ज वाया गेले, असं तिच्याच महानिरीक्षकांनी २०१३ साली लिहून ठेवलं. इराकचा स्वतःचा तेलाचा पैसा निराळाच. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधून जवळपास १२ अब्ज डॉलरच्या नोटा विमानांनी बगदादला गेल्या. वजन ३६३ टन. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या शंभरच्या नोटांच्या विटा. त्या काळात बगदादेत एवढ्या विटा दुसऱ्या कुठल्या बांधकामावर आल्या नसतील. इराकी खात्यांकडे सोपवलेल्या ८.८ अब्जांचा धड हिशेब ठेवला गेला नाही, असं लेखापरीक्षकांनी म्हटलं. ब्रेमर यांच्या कारभारात अर्थखातं सांभाळलेल्या एका अधिकाऱ्याला बीबीसीने याबद्दल छेडलं, तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की पैसा त्यांचाच होता, आम्हाला काय फरक पडतो! आमच्या सोसायटीच्या सभेत असं उत्तर देणारा खजिनदार पायऱ्या उतरून खाली गेला नसता.

बांधलं काय? बगदादचं पोलीस महाविद्यालय बांधलं, सुमारे ७५ दशलक्ष डॉलरचं. २००६ साली महानिरीक्षकांची माणसं बघायला गेली, तर वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी खालच्या मजल्याच्या छतातून पाझरत होतं. पोलीस शिकाऊ होते. गुन्हा कुणावर नोंदवायचा, ते शिकवायचं राहून गेलं असावं.

३० जून २००४ ला सत्ता इराकींकडे द्यायची ठरली होती. ब्रेमर यांनी ती दोन दिवस आधीच, २८ तारखेला, मोजक्या माणसांसमोर देऊन टाकली आणि त्याच दिवशी विमान गाठलं. आदल्या दिवशी सुधारित आदेश क्रमांक १७ वर सही करायला मात्र ते विसरले नाहीत. परदेशी फौजा आणि कंत्राटदार यांना इराकी कायद्यापासून अभय देणारा तो आदेश. सप्टेंबर २००७ मध्ये ब्लॅकवॉटर या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या पहारेकऱ्यांनी बगदादच्या निसूर चौकात १७ नागरिक मारले, तेव्हा तो लागूच होता. अमेरिकी न्यायालयात चौघांना शिक्षा झाली, २०२० च्या डिसेंबरात ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. ब्रेमर यांना तर डिसेंबर २००४ मध्येच सर्वोच्च नागरी पदक मिळालं होतं.

आणि ते खातं? इराकच्या तेलाचा पैसा २००३ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्येच जमा होत आला आहे. जानेवारी २०२० मध्ये इराकी संसदेने परदेशी फौजा बाहेर काढायचा ठराव केला, तेव्हा फौज हाकललीत तर खातं गोठवू, असा निरोप वॉशिंग्टनहून गेल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षी ना फौज पूर्ण गेली, ना खातं हललं.